सहल निघाली, रस्ता तुंबला : पुणे–नाशिक रस्त्यावरचा भूगोल आणि गणिताचा एक पाठ



डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून सहलीची सूचना निघते. पुण्याकडच्या शाळांची जुन्नर आणि आंबेगाव ही ठरलेली ठिकाणं. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, खोडदची महाकाय दुर्बीण, भीमाशंकरचं जंगल. डबे भरले जातात, स्वेटर-कानटोप्या निघतात आणि अंधारातच एसटी शाळेच्या दारात उभी राहते. पुण्याहून नारायणगाव साधारण ७५ किलोमीटर. दोन तासांचा रस्ता, असं सगळे धरून चालतात.

आणि मग गाडी थांबते. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पाऊण तास. "सर, पुढं ॲक्सिडेंट झालाय का?" हा प्रश्न मागच्या बाकावरून येतो. शेवटी गाडी सुटते. सगळे खिडकीला नाक लावून बघतात, तर पुढे काहीच नाही! ना अपघात, ना बंद पडलेली गाडी. मग एवढा वेळ आपण कशासाठी थांबलो होतो?

"आपलं नशीबच खराब" असं म्हणून मोठी माणसं विषय सोडून देतात. आपण मात्र आज तो सोडणार नाही. वाहतूक कोंडीमागे भूगोल आहे आणि साधं आठवीचं गणितही आहे. त्या गणितात आपल्या गाडीचाही एक आकडा असतो. चला तर मग, एकेक मुद्दा पाहू.

१) हा रस्ता असा का आहे?

नकाशा उघडा. आपल्या भागातल्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि पूर्वेकडे वाहत जातात. पुणे–नाशिक महामार्ग मात्र दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो. म्हणजे काय होतं? रस्त्याला प्रत्येक नदी आडवी येते. मोशीला इंद्रायणी, चाकणच्या पुढे भामा, राजगुरुनगरला भीमा, मग खेडचा घाट, कळंबजवळ घोड, नारायणगावला मीना आणि त्यापुढे कुकडी. प्रत्येक नदीवर पूल आला. पूल हा रस्त्यापेक्षा अरुंद असला की तिथे नरसाळ्यासारखी चिंचोळी जागा तयार होते.

दुसरी गोष्ट गावांची. नदी आली की गाव आलं, गाव आलं की बाजारपेठ आली, एसटी स्टँड आलं, चौक आला. जुन्या रस्त्यावर राजगुरुनगर, मंचर, कळंब, नारायणगाव ही गावं अशी एका माळेत ओवलेली आहेत. पुढे आळेफाट्याला तर कल्याण–अहिल्यानगर हा दुसरा मोठा महामार्ग आपल्या रस्त्याला छेदून जातो. माळशेज घाटातून वर आलेली मुंबई-कल्याणची वाहतूक इथेच येऊन मिळते.

तिसरी गोष्ट, जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. माणसं, भाजीपाला, ऊस, दूध, सिमेंट, सगळं रस्त्यावरूनच जातं.

खरं तर जुन्नर हे फार पूर्वीपासून वाटांचंच गाव आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांकडून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटाच्या तोंडाशी लेण्यात ब्राह्मी लिपीतले शिलालेख आहेत आणि जवळच दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत असं लोक सांगतात. रांजणाची गोष्ट जशीच्या तशी खरी धरली, तर दोन हजार वर्षांपूर्वीही बैलांचे तांडे त्या चिंचोळ्या खिंडीत आपापली पाळी येईपर्यंत खोळंबत असणार. घाट अरुंद, त्यात जकात भरायची, मग रांग लागणारच.

२) हिवाळ्यातच गर्दी का वाढते?

याची तीन मुख्य कारणं आहेत.

अ) ऊस : साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि पुढे मार्चपर्यंत चालतो. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावला भीमाशंकर हे दोन सहकारी कारखाने आहेत. त्यांच्याकडे जाणारे ट्रॅक्टर, त्यांना जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्या याच दिवसांत रस्त्यावर असतात. भरलेल्या ट्रॉलीचा वेग जेमतेम ताशी १५ ते २० किलोमीटर. ती रस्ता अडवते हे खरं, पण त्या ट्रॉलीतच गावाचं वर्षाचं पीक असतं हेही विसरू नका.

आ) शेतमाल : नारायणगावचा टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याचा कांदा, मंचरची तरकारी. बाजाराच्या दिवशी पिकअप आणि टेम्पोंची रीघ लागते.

इ) सहली आणि सुट्ट्या : नाताळची सुट्टी, वर्षाचा शेवटचा आठवडा, जोडून आलेला शनिवार-रविवार, शाळांच्या सहली. त्यातच अष्टविनायकातले दोन गणपती, लेण्याद्री आणि ओझर, याच तालुक्यात आहेत. फेब्रुवारीत १९ तारखेला शिवनेरीवर शिवजयंती असते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण बघायलाही गर्दी होते.

म्हणजे वाहनं वाढली, त्यातली बरीचशी हळू चालणारी, आणि रस्ता मात्र तेवढाच.

३) दहा मिनिटं रस्ता बंद, पण रांग किती वेळ?

आता वही-पेन घ्या. पुढचे आकडे आपण समजून घेण्यासाठी मानले आहेत, मोजलेले नाहीत.

समजा, एका पुलावरून मिनिटाला जास्तीत जास्त २० गाड्या जाऊ शकतात. सकाळी मिनिटाला १८ गाड्या येत आहेत. रस्ता चालू आहे, कुणी थांबत नाही. तेवढ्यात पुलावर उसाच्या ट्रॉलीचं चाक निखळतं. रस्ता पूर्ण बंद. लोक धावतात, ढकलतात आणि बरोबर दहा मिनिटांत ट्रॉली बाजूला घेतात.

• दहा मिनिटांत साठलेल्या गाड्या = १० × १८ = १८०
• रस्ता मोकळा झाल्यावर मिनिटाला २० गाड्या जातात, पण १८ नव्या येतात. म्हणजे रांग मिनिटाला फक्त २ गाड्यांनी कमी होते.
• रांग संपायला लागणारा वेळ = १८० ÷ २ = ९० मिनिटं

बघा, दहा मिनिटांचा अडथळा आणि दीड तासाची रांग! ट्रॉली निघून गेल्यानंतर तासाभराने आलेल्या गाडीपुढेही अजून ६० गाड्या उभ्या असतात. तिला काही मिनिटं थांबावंच लागतं आणि पुढे गेल्यावर तिला काहीच दिसत नाही. आपल्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे आहे. कारण घडून गेलेलं असतं, रांग तेवढी उरलेली असते.

आता सगळ्यांचा मिळून किती वेळ गेला ते काढू. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर रांगेतल्या गाड्या असा आलेख काढा. एक त्रिकोण मिळेल. पाया १०० मिनिटं (१० + ९०), उंची १८०.

• क्षेत्रफळ = १/२ × १०० × १८० = ९,००० गाडी-मिनिटं = १५० तास

एका निखळलेल्या चाकाने सगळ्यांचे मिळून दीडशे तास खाल्ले.

आता गंमत बघा. त्या सकाळी मिनिटाला १८ ऐवजी १६ गाड्या आल्या असत्या तर? साठलेल्या गाड्या १६०, रांग मिनिटाला ४ ने कमी होणार, म्हणजे ४० मिनिटांत रस्ता मोकळा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ १/२ × ५० × १६० = ४,००० गाडी-मिनिटं, म्हणजे साधारण ६७ तास. मिनिटाला फक्त दोन गाड्या कमी, पण वाया जाणारा वेळ निम्म्याहूनही कमी! म्हणून काही लोक जरी तासभर आधी किंवा नंतर निघाले, तरी सगळ्यांना फरक पडतो.

आणि गाड्या क्षमतेपेक्षा जास्त येत असतील तर? मिनिटाला २२ येतात आणि २० जातात, असं तीन तास चाललं तर ३६० गाड्या साठतात. शेवटच्या गाडीला ३६० ÷ २० = १८ मिनिटं थांबावं लागतं. पण वाटेत चिंचोळी जागा एकच नसते. चाकणला कारखान्यांच्या गाड्या मिसळतात, पुढे गावोगावच्या रिक्षा, दुचाकी आणि बाजाराचे टेम्पो मिसळतात. अशा चार ठिकाणी १८-१८ मिनिटं गेली की ७२ मिनिटं झाली. दोन तासांच्या प्रवासाला सव्वातीन तास लागतात ते असे.

४) काहीच घडलेलं नसताना कोंडी

आता दुसरं उत्तर. कधी कधी आधीही काही घडलेलं नसतं, तरी गाड्या थांबतात.

जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक साधा प्रयोग केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाचा एक गोल रस्ता आखला आणि त्यावर २२ गाड्या ठेवल्या. चालकांना सांगितलं, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास सारख्या वेगाने फिरत राहा. सिग्नल नाही, चौक नाही, पूल नाही. सुरुवातीला सगळं छान चाललं. थोड्या वेळाने एकाचा वेग किंचित कमी झाला. मागच्याने त्याहून थोडा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. शेवटी काही गाड्या चक्क उभ्या राहिल्या! ही थांबण्याची लाट गाड्यांच्या उलट दिशेने, ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिली.

प्रार्थनेला जाताना तुमच्या रांगेतही हेच होतं. पुढचा मुलगा बुटाची नाडी बघायला क्षणभर थबकतो आणि रांगेच्या शेवटी मुलं एकमेकांवर आदळतात.

यावर उपाय काय? पुढच्या गाडीच्या अगदी मागे चिकटून न जाता मध्ये अंतर ठेवायचं. अंतर असलं की पुढच्याने ब्रेक दाबला तरी आपल्याला नुसता वेग कमी करून भागतं. लाट आपल्यापाशी येऊन विरते. पण आपल्याकडे अंतर सोडलं की त्यात लगेच दुसरा घुसतो, हेही खरं. म्हणून ही सवय एकट्यादुकट्याने नाही, सगळ्यांनी लावून घ्यायला हवी.

५) घाटातली समोरासमोर कोंडी

सगळ्यात वाईट कोंडी दोन पदरी रस्त्यावर होते. माळशेजचा घाट किंवा भीमाशंकरचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. आपल्या बाजूची रांग थांबलेली आहे. समोरून कुणी येत नाही असं बघून एक गाडी उजवीकडून पुढे जाते. तिच्या मागे दुसरी, मग दहा. तिकडच्या बाजूचे लोकही हेच करतात. शेवटी अडथळ्याच्या ठिकाणी दोन्ही बाजूंच्या दोन-दोन रांगा नाकाला नाक लावून उभ्या राहतात. आता अडथळा काढला तरी कुणीच हलू शकत नाही, कारण मागे सरकायला जागाच नाही. क्रेनलाही आत येता येत नाही.

इथे गाड्यांची संख्या जास्त असायचीही गरज नाही. चाळीस गाड्या पुरतात. ही कोंडी रस्त्याने केलेली नसते, ती फक्त घाईने केलेली असते.

६) बर्फाच्या गावालाही हीच रांग

तुम्हाला वाटेल, हे फक्त आपल्याकडेच होतं. तसं नाही. आपली हिवाळी सहल किल्ल्यावर जाते, तशी युरोपातली कुटुंबं हिवाळ्यात आल्प्स पर्वतात बर्फावर घसरायला, म्हणजे स्कीइंगला जातात. फ्रान्समध्ये तिथली घरं बहुधा शनिवार ते शनिवार अशी आठवड्याने भाड्याने मिळतात. त्यामुळे जुने पाहुणे निघतात शनिवारी आणि नवे येतात तेही शनिवारीच. दरीतला रस्ता मात्र एकच. २७ डिसेंबर २०१४ हा असाच एक शनिवार होता. त्यात जोराचा बर्फ पडला. सावोआ भागात सुमारे १५,००० गाड्या अडकल्या आणि हजारो लोकांना तात्पुरत्या निवाऱ्यांत रात्र काढावी लागली.

आपल्या देशात मनालीजवळही असं होतं. रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला आणि बर्फ बघायला जाणं सोपं झालं. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर बर्फ पडला तेव्हा सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात सुमारे हजार गाड्या अडकून पडल्या. पोलिसांनी त्या एकेक करून बाहेर काढल्या.

फ्रान्सने यावर केलेला एक उपाय आपल्या गणिताशी जुळतो. तिथे शाळांसाठी देशाचे तीन विभाग पाडले आहेत आणि हिवाळ्याच्या मध्यावरची सुट्टी प्रत्येक विभागाला वेगवेगळ्या आठवड्यांत मिळते. म्हणजे सगळा देश एकाच दिवशी डोंगराकडे निघत नाही. कोणत्या दिवशी रस्त्यावर किती गर्दी होईल हे सरकार हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा अशा रंगांनी आधीच जाहीर करतं. मिनिटाला १८ च्या १६ गाड्या कशा करायच्या, याचंच हे उत्तर आहे. रस्ता तोच ठेवून गर्दी वाटून दिली.

७) बाह्यवळण झालं की प्रश्न सुटतो का?

गेल्या काही वर्षांत खेड घाट, मंचर, कळंब, नारायणगाव या ठिकाणी बाह्यवळण रस्ते झाले. त्याचा मोठा फायदा झाला. पूर्वी नारायणगावच्या पेठेतून एसटी बाहेर पडायलाच किती वेळ जायचा, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. पण एक चिंचोळी जागा रुंद झाली की तिथे अडणाऱ्या गाड्या लवकर पुढे जातात आणि पुढच्या चिंचोळ्या जागी साठतात. चार ठिकाणी रस्ता रुंद आणि पाचव्या ठिकाणी अरुंद असेल, तर सगळ्या रस्त्याची क्षमता त्या पाचव्या जागेएवढीच राहते.

शिवाय बाह्यवळणामुळे गावातल्या हॉटेल, रसवंती आणि भेळवाल्याचं गिऱ्हाईक कमी होतं. फायदा कुणाचा आणि तोटा कुणाचा, यावर वर्गात जरूर चर्चा करा.

८) उशिराची किंमत कोण देतं?

सहलीला उशीर झाला तर आपलं काय जातं? शिवनेरी घाईत बघावा लागतो, नाणेघाट राहून जातो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे परतीचा रस्ता अंधारात आणि त्याच अंधारात मागे लाल दिवा किंवा चमकपट्टी नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. घरी आई-वडील वाट बघत असतात.

पण त्याच रांगेत आणखी कोण कोण आहे ते बघा. मेथी-कोथिंबिरीचा टेम्पो आहे. भाजीने माना टाकल्या, बाजार उलगून गेला, तर शेतकऱ्याच्या हातात गाडीभाडंही येत नाही. उसाची गाडी आहे. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितकं त्याचं वजन आणि साखर कमी होते. आणि कधी त्याच रांगेत १०८ ची रुग्णवाहिका असते. आत साप चावलेला शेतमजूर असेल, बाळंतपणाला निघालेली ताई असेल. सर्पदंशात आणि हृदयविकारात एकेक मिनिट मोलाचं असतं.

म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ई आलं. रुग्णवाहिका, अग्निशमन अशा तातडीच्या वाहनांना वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण वाट द्यायची तर कडेला जागा हवी ना! उजवीकडून घुसून आपणच तिसरी रांग केली असेल, तर मनात असूनही वाट देता येत नाही. आपली घाई पाच मिनिटांची असते आणि तिची किंमत दुसराच कुणीतरी देतो.

९) सहल ठरवताना

• शक्यतो शनिवार-रविवार आणि जोडून आलेली सुट्टी टाळा. मंगळवार-बुधवारची सहल तेवढीच मजेदार होते. मात्र वाटेतल्या गावांचे आठवडे बाजार कोणत्या वारी असतात ते विचारून घ्या.
• एका दिवसात सहा ठिकाणं लिहू नका. शिवनेरी आणि लेण्याद्री नीट बघितली तरी पुष्कळ झालं.
• वेळापत्रकात दोन्ही वेळेला तासभर रिकामा ठेवा.
• कोणतं ठिकाण गाळायचं ते आधीच ठरवा, म्हणजे उशीर झाल्यावर चालककाकांवर घाई करायची वेळ येणार नाही.
• पाणी, कोरडा खाऊ आणि उलटीची गोळी हाताशी ठेवा.
• "काका, काढा ना साइडनं!" असं गाडीतून कुणीही ओरडायचं नाही. मुलांनीही नाही आणि शिक्षकांनीही नाही.

१०) थांबलेल्या गाडीत काय करायचं?

खिडकीबाहेर बघा. पाच मिनिटांत समोरून किती गाड्या गेल्या ते मोजा आणि मिनिटाची सरासरी काढा. त्यात दुचाकी, मोटारी, एसटी, मालवाहू आणि उसाची वाहनं किती, याचा तक्ता करा. थांबलात ती जागा पूल आहे, चौक आहे, चढ आहे की बाजार आहे, ते नोंदवा. घरी आल्यावर हे नकाशावर टाका. सहलीच्या प्रकल्पवहीत शिवनेरीच्या चित्रासोबत हे एक पान असेल, तर ते पान इतर कुणाच्या वहीत नसेल!

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
अ) पुणे–नाशिक रस्त्याला नद्या आडव्या का येतात?
आ) आळेफाट्याला कोणते दोन महामार्ग एकमेकांना छेदतात?
इ) जपानमधल्या प्रयोगात किती गाड्या होत्या आणि रस्त्याचा परीघ किती होता?

प्र. २. गणित सोडवा.
एका पुलाची क्षमता मिनिटाला २४ गाड्या आहे. मिनिटाला २० गाड्या येत असताना पूल १२ मिनिटं बंद पडला. रस्ता सुरू झाल्यावर रांग संपायला किती वेळ लागेल? मिनिटाला २२ गाड्या येत असत्या तर? (उत्तरे : ६० मिनिटं, १३२ मिनिटं)

प्र. ३. कारणे द्या.
अ) अडथळा दूर झाला तरी रांग लगेच संपत नाही.
आ) घाटात थोड्याच गाड्या असूनही रस्ता पूर्ण बंद पडू शकतो.
इ) हिवाळ्यात जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर गर्दी वाढते.

प्र. ४. तुमचे मत लिहा.
उसाच्या ट्रॉल्यांना दिवसा महामार्गावर बंदी घालावी का? शेतकरी, ट्रॅक्टरचालक, सहलीची मुले आणि रुग्णवाहिकेचा चालक या चौघांच्या बाजूने प्रत्येकी दोन वाक्ये लिहा आणि मग स्वतःचे मत मांडा.

उपक्रम : तुमच्या गावातल्या सर्वांत गर्दीच्या चौकात मोठ्या माणसांसोबत सुरक्षित जागी उभे राहा. सकाळी ८, दुपारी १२ आणि सायंकाळी ५ वाजता दहा-दहा मिनिटं वाहनं मोजा. तिन्ही वेळांचा स्तंभालेख काढा आणि गर्दी वाटून देण्यासाठी गावात काय करता येईल, यावर ग्रामपंचायतीला द्यायचं एक पत्र वर्गात मिळून तयार करा.